इटालियन सुपरबाईकचा नाद: ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी वाटाड्या

इटालियन बाईक नाजूक असते, सर्व्हिसिंग महाग पडतं, पार्ट वेळेवर मिळत नाहीत, आपल्या रस्त्यांवर तिचे हाल होतात. हे सगळं घरच्यांनी, मित्रांनी आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तुम्हाला ऐकवून झालं असेल. त्यातलं बरंचसं खरं आहे. तरीही माणसं या गाड्यांच्या मागे वर्षानुवर्षं का लागतात, हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. माझ्या मते त्या दुर्मीळ आहेत म्हणून हव्याशा वाटत नाहीत. कुणा एका इंजिनिअरने एखाद्या प्रश्नाचं स्वतःला पटलेलं उत्तर शोधलं, ते करायला अवघड आणि महाग निघालं, तरी त्याने ते सोडलं नाही. असा हट्ट बहुधा लहान कारखान्यांतच चालतो, म्हणून गाड्या कमी बनल्या. तो हट्ट आधी ओळखायला शिका, पैशाचं नंतर बघू. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. तुम्ही नौपाड्यात राहत असा, ऐरोलीत किंवा खारघरला, क्रम तोच.

पायरी १: गाडी वाचायला शिका

सुरुवात डुकाटी ९१६ पासून करा. १९९४ मध्ये आलेली ही गाडी मास्सिमो तांबुरिनी यांनी घडवली. फोटो समोर ठेवा आणि मागची बाजू बघा. चाक एकाच बाजूने धरलंय, दुसरी बाजू मोकळी आहे. देखणं तर आहेच, पण कारण शर्यतीचं: लांब पल्ल्याच्या रेसमध्ये चाक झटपट बदलता यावं. सायलेन्सर सीटखाली गेले, कारण ते बाजूला असले की गाडी वळणात झुकताना जमिनीला लागण्याची भीती असते आणि वाराही अडतो. म्हणजे जे सुंदर दिसतंय, त्यातलं बहुतेक काहीतरी काम करतंय. कार्ल फोगार्टी यांनी १९९४, १९९५, १९९८ आणि १९९९ असं चार वेळा वर्ल्ड सुपरबाईकचं अजिंक्यपद याच घराण्याच्या गाड्यांवर जिंकलं.

आता इंजिनात शिरू. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम, म्हणजे दांड्यावरचा फिरता उंचवटा, आणि बंद करते स्प्रिंग. १९५०च्या दशकात स्प्रिंगांचं पोलाद आजच्याइतकं चांगलं नव्हतं. आरपीएम फार चढला की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मागे ओढता यायचा नाही आणि इंजिनाचा निकाल लागायचा. डुकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी स्प्रिंगच्या भरवशावर राहणंच सोडलं. व्हॉल्व्ह बंद करायलाही स्वतंत्र कॅम आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा रॉकर दिला. ही डेस्मोड्रोमिक रचना. बोलताना सगळे नुसतं डेस्मो म्हणतात. कल्पना त्यांच्या आधीची होती, पण रस्त्यावरच्या मोटरसायकलमध्ये ती आणून पिढ्यान्‌पिढ्या टिकवली डुकाटीने. १९५६ मध्ये त्यांची १२५ सीसीची डेस्मो पहिल्याच शर्यतीत, स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये, पहिली आली.

हा इतिहास तुमच्या खिशाशी थेट जोडलेला आहे. आज स्प्रिंगा इतक्या सुधारल्यात की डुकाटीने स्वतःच्या मल्टिस्ट्राडा व्ही४ ला साध्या स्प्रिंगा दिल्या आणि तिचे व्हॉल्व्ह ६०,००० किलोमीटरला तपासायचे असतात. पॅनिगाले व्ही४ मध्ये डेस्मो कायम आहे आणि तिथे हाच आकडा २४,००० आहे. आत शिम, म्हणजे पातळ चकत्या, वापरून उघडण्याची आणि बंद होण्याची, अशा दोन्ही फटी जुळवाव्या लागतात. म्हणजे काम दुप्पट. डेस्मो घेणाऱ्याने हे आनंदाने स्वीकारलेलं असावं.

एमव्ही अगुस्ताचं कूळ विमानांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमानं बनवायला बंदी आली, म्हणून अगुस्ता घराणं १९४५ मध्ये वारेसेजवळच्या व्हेर्गेरात मोटरसायकलींकडे वळलं. १९५८ ते १९७४ अशी सलग १७ वर्षं ५०० सीसी गटाचं अजिंक्यपद एमव्हीच्या स्वारांनी दुसऱ्या कुणाला मिळू दिलं नाही. जाकोमो अगोस्तिनी यांच्या १५ जागतिक अजिंक्यपदांपैकी १३ याच गाड्यांवरची आहेत. पुढे कंपनी बंद पडली, नाव काजिवा या दुसऱ्या इटालियन कंपनीकडे गेलं, आणि १९९७ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात एफ४ उभी राहिली. ती पुन्हा तांबुरिनी यांचीच. सीटखालून ओळीने बाहेर येणाऱ्या चार नळ्या हीच तिची ओळख. पहिल्या ३०० गाड्या ‘सेरिए ओरो’ म्हणून निघाल्या, त्यांचे बरेच भाग मॅग्नेशियमचे होते. भारतात एमव्ही २०१६ मध्ये पुण्याच्या कायनेटिक समूहामार्फत आली. त्या काळातल्या एफ३ आणि ब्रुटाले अजूनही सेकंडहँड बाजारात दिसतात.

तिसरं नाव बिमोटा. रिमिनीतल्या बियांकी, मोर्री आणि तांबुरिनी या तिघांचा मूळ धंदा हीटिंग आणि एअर-कंडिशनिंगचा. १९७२ मध्ये तांबुरिनी मिसानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी७५० वरून पडले, बरगड्या मोडल्या. इंजिन उत्तम आणि फ्रेम लेचीपेची, असं त्यांचं निदान होतं. मग त्यांनी त्याच इंजिनासाठी स्वतःची फ्रेम बनवली, ती एचबी१. तेव्हापासून बिमोटाच्या नावातच गाडीची कुंडली असते: पहिलं अक्षर इंजिन कुणाचं ते सांगतं, दुसरं बिमोटाचं, आकडा अनुक्रमाचा. डीबी१ म्हणजे डुकाटीच्या इंजिनाची पहिली, वायबी४ म्हणजे यामाहाच्या इंजिनाची चौथी. १९९० ची तेसी १डी तर पुढचे फोर्क काढून टाकून चाकाच्या मध्यातूनच स्टिअरिंग करते. २०१९ मध्ये कावासाकीने बिमोटात ४९.९ टक्के हिस्सा घेतला.

मोटो गुझी, लावेर्दा आणि एप्रिलिया यांचा अभ्यास सवडीने करा. गुझी १९२१ पासून कोमो तलावाकाठच्या मांदेल्लोत बनते. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर, मागे चेनऐवजी शाफ्ट. लावेर्दाचं घराणं शेतीच्या अवजारांचं, आणि त्यांची १९७६ ची तीन सिलिंडरची जोटा त्या वेळच्या सर्वांत वेगवान गाड्यांमध्ये होती. एप्रिलियाकडे पायरी ४ मध्ये येतो, कारण तिचा रस्ता बारामतीतून जातो.

पायरी २: कान तयार करा

डुकाटीच्या जुन्या दोन सिलिंडरच्या इंजिनात सिलिंडर एकमेकांशी ९० अंशांत बसवलेले असतात, एक जवळजवळ आडवा, एक उभा. त्यामुळे कंप एकमेकांना मारतात, पण ठोके समान अंतराने पडत नाहीत. एक ठोका २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी. डुकाटीचा अडखळता ठेका म्हणतात तो हाच. सवय झाली की डोळे मिटूनही ही गाडी ओळखता येते.

९१६, ७४८, ९९६ यांचा क्लच कोरडा असतो, म्हणजे त्याच्या प्लेटा तेलात नसतात. गाडी उभी असताना क्लच दाबला की सुट्या लोखंडाचा खडखडाट ऐकू येतो. नवखा माणूस घाबरतो, पण तो आवाज कंपनीचाच. तोच आवाज क्लच सोडल्यावर, गिअरमध्ये चालताना येत असेल तर मात्र बास्केट (प्लेटा बसतात तो डबा) आणि प्लेटा झिजल्या असण्याचा संशय घ्या. गुझी उभी असताना अॅक्सिलरेटर पिळला तर अख्खी गाडी एका बाजूला डोलते, कारण तिचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असतो. हेही बिघाडाचं लक्षण नव्हे.

यूट्यूबवर कान तयार होत नाही. रविवारी पहाटे लवकर उठा. मुंबई-नाशिक महामार्गावर पडघा-शहापूरच्या बाजूला किंवा जुन्या हायवेने खोपोलीच्या बाजूला नाश्त्याच्या ठिकाणी थांबा. मोठ्या गाड्यांचे गट तिथे हमखास भेटतात. जाऊन नुसतं विचारायचं, “दादा, जरा जवळून बघू का?” बहुतेक जण हौसेने दाखवतात, वर चहाही पाजतात. सीटवर बसू का असं लगेच विचारू नका, टाकीवर हेल्मेट ठेवू नका, आणि फोटोत नंबरप्लेट येणार असेल तर मालकाला विचारूनच काढा. दोन-चार वेळा भेट झाली की गाडी सुरू करून दाखवा म्हणायला हरकत नाही. थंड इंजिन सुरू होताना ऐकणं सर्वांत उपयोगाचं. ते का, हे पायरी ७ मध्ये येईल.

पायरी ३: आपलं शरीर आणि आपला रस्ता

स्पोर्ट्सबाईकवर हँडल म्हणजे फोर्कला खाली अडकवलेल्या दोन दांड्या, क्लिप-ऑन. वजन मनगटांवर येतं. पॅनिगालेची सीट ८३० मिलिमीटरच्या वर, उंची कमी असेल तर सिग्नलला पाय नीट टेकत नाहीत. आणि उष्णता! मागचा सिलिंडर बरोबर मांडीखाली असतो. पॅनिगाले व्ही४ मध्ये गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद होतात ते याचसाठी, तरी मे महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत चटका बसायचा तो बसतोच.

म्हणून टेस्ट राइड मागताना शोरूमचा नेहमीचा रिकामा फेरा घेऊन समाधान मानू नका. गर्दीच्या वेळेची मागा, आणि मिळाली तर दोन्ही हातांनी हँडल रेटत न बसता पोट आणि मांड्यांनी टाकी धरून बसा. मनगट तरीही दुखलं तर ती गाडी रोजची नव्हे, हे तिथेच ठरवा. रोजची नसावी असंच माझं मत. कापूरबावडी ते वाशी ऑफिससाठी स्कूटर ठेवा. या गाडीला रविवार द्या.

पायरी ४: पहिली इटालियन बारामतीची असू द्या

पिआजिओने एप्रिलिया २००४ मध्ये विकत घेतली आणि पिआजिओचा भारतातला कारखाना बारामतीत आहे. एप्रिलिया आरएस ४५७ तिथेच बनते. डिसेंबर २०२३ मध्ये ती ४ लाख १० हजार एक्स-शोरूमला जाहीर झाली. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, साधारण ४७ हॉर्सपॉवर, पेट्रोलसकट १७५ किलो. क्रँक २७० अंशांचा, म्हणजे आपण वर बोललो तोच अडखळता ठेका, लहान आवाजात. ब्रेकवर बायब्रे लिहिलेलं दिसेल. ती ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचीच लहान गाड्यांसाठीची शाखा.

काही जाणकार नाक मुरडतात की खरी इटालियन नोआलेतून, म्हणजे एप्रिलियाच्या इटलीतल्या मूळ गावातून, आलेली. मला हे अजिबात पटत नाही. फेअरिंगची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, रेष, टाकीवर शरीर टेकवायची जागा, वळणात पुढच्या चाकाचा मिळणारा अंदाज या गोष्टी तिच्यात नोआलेच्याच आहेत, आणि पडलीच तर पार्टसाठी जहाजाची वाट पाहावी लागत नाही. हजार सीसीवर थेट उडी मारणाऱ्यांना गाडीचा दहावा भागही वापरता येत नाही. दोन पावसाळे आरएस ४५७ चालवा. थ्रॉटल हळूवार उघडणं, वळणाआधी ब्रेक संपवणं, ओल्या रंगीत पट्ट्यांवर अंग सैल ठेवणं, हे सगळं २०० हॉर्सपॉवरच्या गाडीवर शिकायचं नसतं.

ती घ्यायची नसेल तर जुनी, साधी, हवेवर थंड होणारी डुकाटी मॉन्स्टर हा दुसरा मार्ग. व्हॉल्व्ह सिलिंडरमागे दोनच, हात पोचतो, आणि डुकाटी काय चीज आहे ते पुरतं कळतं.

पायरी ५: पैशाचा हिशेब

एक्स-शोरूम आकडा ऐकून खूश होऊ नका. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर १६०० सीसीपर्यंतच्या पूर्ण बनून येणाऱ्या मोटरसायकलींवर सीमाशुल्क ४० टक्के झालं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के. ढोबळ गणित करा: १० लाखांची गाडी शुल्क लागून १४ लाख, त्यावर जीएसटी लागून १९ लाख ६० हजार. यात डीलरचा वाटा, आरटीओचा एकरकमी कर आणि विमा धरलेलाच नाही. डुकाटीच्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे थायलंडच्या कारखान्यातून येतात, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचं गणित सारखं नसतं. ऑन-रोड आकडा कागदावर, शिक्क्यासह घ्या, आणि त्यात गाडी ठाण्याला एमएच-०४ वर की वाशीला एमएच-४३ वर पासिंग होणार ते लिहून घ्या.

विमा झिरो-डेप, म्हणजे पार्टचा घसारा न कापणारा, घ्या. एका बाजूला साधी पडली तरी फेअरिंग, लिव्हर, आरसा, सायलेन्सर मिळून बिल डोळे पांढरे करतं. जुनी दुर्मीळ गाडी असेल तर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे अगदी किरकोळ निघते. विमा कंपनीशी आधीच बोलून, फोटो आणि किमतीचा पुरावा देऊन ती वाढवून घ्यायचा प्रयत्न करा.

आणि एक नियम मी सगळ्यांना सांगतो: खिशात आहे ते सगळं गाडीत घालू नका. किमतीचा दहावा भाग तरी पहिल्या वर्षाच्या टायर, बेल्ट, बॅटरी आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी वेगळा राहिला पाहिजे. जमत नसेल तर एक पायरी लहान गाडी घ्या.

पायरी ६: कागद

सेकंडहँड घेताना इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुर्मीळ गाड्यांच्या बाजारात चकाकणारी टाकी सहज मिळते, स्वच्छ कागद मिळत नाहीत.

आधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून बघा. मॉडेलचं नाव, सीसी, बनवल्याचं वर्ष, हायपोथिकेशन (गाडीवरचा कर्जाचा बोजा), विम्याची मुदत. मग गाडीसमोर बसा. चासी नंबर बहुधा हँडलच्या मानेवर, फ्रेमवर कोरलेला असतो. तो आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. कोरलेल्या जागी घासल्याच्या खुणा, नवा रंग, वेडीवाकडी अक्षरं दिसली तर चहा पिऊन निघा.

आयात झालेली गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री मागा. काही गाड्या परदेशी माणसाने तात्पुरत्या परवान्यावर, कार्नेटवर आणलेल्या असतात आणि परत जायच्या ऐवजी इथेच राहिलेल्या असतात. काही सुट्या भागांच्या नावाखाली येऊन जोडलेल्या आणि दुसऱ्याच गाडीच्या नंबरावर फिरणाऱ्या. विकणारा म्हणेल, “सगळे असेच चालवतात, काही होत नाही.” होतं. गाडी जप्त होते आणि पैसे बुडतात. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घ्यायची नाही, यात मला कसलीही सवलत मान्य नाही.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागेल, तो किमतीत धरूनच भाव ठरवा. पूर्ण पैसे नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या झाल्यावरच.

पायरी ७: गाडी तपासणं

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं धरा. थंड इंजिन बॅटरी न दमता सुरू होतंय का, सुरुवातीचा धूर किती वेळ टिकतो, आयडलिंग स्थिर होतंय का, हे सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

जुन्या डुकाटीत कॅम फिरवणारे टायमिंग बेल्ट असतात. रबराचेच, आणि गाडी न चालवताही ते म्हातारे होतात. ९१६ च्या काळातल्या गाड्यांना ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असतात. “गाडी चाललीच नाही तर बेल्ट कशाला बदलू” हे वाक्य ऐकलं की बेल्टचा खर्च लगेच किमतीतून वजा करा, आणि बदलेपर्यंत गाडी सुरूही करू नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात. याच काळातल्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनांत रॉकरवरचा क्रोमचा थर निघण्याचा प्रकार होतो. मागच्या व्हॉल्व्ह सर्व्हिसिंगमध्ये रॉकर पाहिले होते का, पावती आहे का, ते विचारा.

एक मल्टिमीटर सोबत न्या. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. कमी असेल तर चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा त्याची वायर गेलेली. जुन्या इटालियन गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, पण औषध सोपं आणि तुलनेने स्वस्त, म्हणून एवढ्यावरून चांगली गाडी सोडू नका.

टाकी प्लास्टिकची असेल तर तळाला आणि पुढच्या बाजूला फुगलेली आहे का ते हाताने चाचपा. २००० नंतरच्या दशकातल्या मॉन्स्टर, मल्टिस्ट्राडा आणि स्पोर्टक्लासिकच्या टाक्या इथेनॉलमुळे फुगतात. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे हा प्रश्न वाढणारच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवलेली बरी.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी दिसली तरी टायर सहा-सात वर्षांचं असेल तर ते दगड झालेलं असतं.

पायरी ८: मेकॅनिक गाडीच्या आधी शोधा

हे काम टोकन देण्याच्या आधी करायचं. अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा स्वतंत्र मेकॅनिक, कुणीही चालेल, पण त्याला तीन गोष्टी विचारा: या मॉडेलचं व्हॉल्व्हचं काम तुम्ही स्वतः केलंय का, बेल्टचा ताण कशाने मोजता, आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायचं साधन आहे का. उत्तर देताना तो अंदाजाने बोलतोय की हातातलं काम सांगतोय ते लगेच कळतं. चांगला मेकॅनिक टॉर्क रेंचशिवाय अॅल्युमिनियमच्या बोल्टला हात लावत नाही.

पार्टचा विचारही तेव्हाच. बेल्ट, ऑइल आणि एअर फिल्टर, क्लच-ब्रेक लिव्हर, ब्रेक पॅड यांचा एक जोड घरात असावा. बिमोटाचं गणित वेगळं आहे: इंजिनाचे पार्ट मूळ यामाहा, सुझुकी किंवा डुकाटीचे असल्याने शोधता येतात, पण फेअरिंग किंवा फ्रेमचा भाग तुटला तर तो कदाचित जगभर हुडकावा लागेल. मोटो गुझी याच्या अगदी उलट टोकाला. सिलिंडर हेड बाहेर उघडे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, घरच्या पान्यांनी जुळवता येतात, चेन नाहीच. ज्याला स्वतःच्या हाताने काम करायचंय त्याने जुनी गुझी शोधावी, असं मी मनापासून सांगतो.

पायरी ९: खाडीकाठी गाडी सांभाळणं

ऐरोली, वाशी, सीवूड्स, कोलशेत, सगळीकडे खाडीची दमट, खारट हवा. मॅग्नेशियमचे भाग आणि उघडे बोल्ट तिला लवकर बळी पडतात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी गाडी कोरडी पुसून बोल्ट, साखळी आणि इलेक्ट्रिक जोडांवर संरक्षक स्प्रे मारा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. सोसायटीत तळघरातलं पार्किंग मिळालं असेल तर जुलैत पाणी कुठवर चढतं ते वॉचमनकाकांना विचारा, त्यांना बिल्डरपेक्षा जास्त माहिती असते. उंदीर वायरिंग कुरतडतात, म्हणून आठ-दहा दिवसांतून एकदा सीट काढून बघाच.

फिरायचं कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. घोडबंदर रस्त्यावर खड्डे आणि अवजड वाहनं, तिथे या गाडीला सुख नाही. पाम बीच रोड सरळ आणि गुळगुळीत आहे, आणि म्हणूनच तिथे मोह होतो. तिथे झालेल्या अपघातांत तरुण मुलं गेली आहेत, तिथे वेग आजमावू नका. येऊरला तर अशी गाडी नेऊच नका. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे, आणि पाड्यांवर माणसं राहतात. कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवणं बेकायदा आहेच, शेजाऱ्यांवर अन्यायही आहे.

ठाण्याहून पहाटे निघून कसारा घाट चढून इगतपुरीला नाश्ता, किंवा पनवेलहून जुन्या हायवेने खोपोली आणि शिंगरोबाच्या देवळावरून बोरघाट, हे दोन रस्ते मला सगळ्यात आवडतात. नऊच्या आत परत फिरा. माळशेज पावसात टाळा, दरडी येतात.

पायरी १०: वेग ट्रॅकवर

गाडी घेतल्यावर सहा महिन्यांत एकदा तरी ट्रॅकवर जा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे. कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या ट्रॅकवर झालेले आहेत, जागा लवकर भरतात म्हणून तारखांवर लक्ष ठेवा. गाडी चालवत नेऊ नका, ट्रान्सपोर्टने पाठवा. पाठवताना टाकीत पेट्रोल थोडंच, बॅटरीची वायर काढलेली, आणि लोड होतानाचे सगळ्या बाजूंचे फोटो तुमच्याकडे.

एकसंध लेदर सूट, पाठीचं संरक्षण, पूर्ण बोटांचे ग्लोव्हज, घोट्यावर चढणारे बूट आणि पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट लागेल. शक्य असेल तर सूट आधी भाड्याने घेऊन माप कळू द्या. तिथे पोचल्यावर टायरमधली हवा ट्रॅकच्या माणसाला विचारून कमी करा, आरसे काढा, दिव्यांवर टेप लावा. पहिल्या सत्रात एकाच गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ हात न लावता फिरा आणि फक्त वळणात नजर कुठे जाते याकडे लक्ष द्या. वेळ मोजायचं घड्याळ दुसऱ्या दिवसापर्यंत बॅगेतच ठेवा.